शीर सापडत नाही तेव्हा…

‘शीर सापडत नाहीये,’ हे वाक्य ज्यांनी आपल्या लेकराच्या उशाशी उभे राहून ऐकले आहे, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेले सहा-सात महिन्यांचे मूल. उजव्या हाताला दोनदा टोचून झाले, डाव्या हाताला दोनदा, मग पायाला. मग डोक्याच्या एका बाजूचे केस काढून तिथे प्रयत्न. दर वेळी रडण्यातला जोर थोडा कमी होत जातो आणि आईला रडण्यापेक्षा त्या कमी होण्याची जास्त भीती वाटते. शेवटी डॉक्टर बाहेर येतात, एक छापील कागद पुढे करतात आणि म्हणतात, ‘सेंट्रल लाइन टाकावी लागेल. इथे सही करा.’

त्या कागदावर बारीक अक्षरात बरेच काही असते. धमनीला इजा, रक्तस्राव, फुफ्फुसाभोवती हवा साचणे, जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी. रात्री दोन वाजता हे कुणी वाचत नाही. वाचले तरी कळण्याच्या मनःस्थितीत नसते. सही होते आणि दार बंद होते. या लेखात आपल्याला त्या बंद दाराआड जायचे आहे. तिथे नेमके काय करतात, पूर्वी ते कसे करत, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यात काय बदलले आणि या बदलाचा आपल्या महाराष्ट्राच्या एका दुखऱ्या इतिहासाशी कसा संबंध येतो, हे पाहायचे आहे.

ओढा आणि नदी

हातापायाच्या शिरा म्हणजे ओढे. हृदयाच्या उजव्या कप्प्यात येऊन मिळणाऱ्या दोन महाशिरा म्हणजे नद्या. साध्या सलाईनला ओढा पुरतो. पण काही औषधे ओढ्याला सोसत नाहीत. रक्तदाब कोसळल्यावर देतात ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिन छोट्या शिरेतून बाहेर झिरपले तर आजूबाजूची त्वचा आणि मांस मरू शकते. कर्करोगावरची काही औषधे, पोटॅशियमचे तीव्र द्रावण, आतडे काम करत नसताना शिरेतून द्यायचे संपूर्ण अन्न, यांचेही तसेच. नवजात बाळाला ग्लुकोजचे द्रावण साडेबारा टक्क्यांपेक्षा तीव्र द्यायचे असेल तर ते हाताच्या शिरेतून सहसा देत नाहीत. शीर भाजून निघते. हेच द्रावण हृदयाच्या तोंडाशी, भरपूर रक्ताच्या प्रवाहात सोडले की क्षणात विरळ होते.

म्हणून गळ्यातून, गळपट्टीच्या हाडाजवळून किंवा जांघेतून एक बारीक, मऊ नळी आत सरकवतात आणि तिचे टोक महाशिरेत आणून ठेवतात. हीच सेंट्रल लाइन. नवजात बाळाकडे पहिले काही दिवस याहून सोपी वाट असते, ती म्हणजे नाळ. नाळेतली शीर जन्मानंतर लगेच बंद होत नाही. १९४७ मध्ये बोस्टनच्या लुई डायमंड यांनी त्या शिरेत प्लॅस्टिकची नळी घालून काविळीच्या बाळांचे रक्त बदलण्याची पद्धत मांडली. आठवडाभरात ही वाट मिटत जाते. मग गळ्याकडे वळावे लागते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. मूल अगदी हातातून जात असेल तर गळ्यातली शीर शोधत बसायला वेळ नसतो. तेव्हा गुडघ्याखालच्या नडगीच्या हाडात जाड सुई रोवून मज्जेतून औषध आणि पाणी देतात. ऐकायला भयंकर, पण एका मिनिटात होणारे काम. सेंट्रल लाइन येते ती त्यानंतर, मूल थोडे सावरल्यावर.

आता मापे पाहू. मुलांच्या बाबतीत सगळी गोष्ट मापांचीच आहे. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे अडीचशे मिलिलिटर रक्त असते. एक मोठा पेला. त्यातले पंचवीस मिलिलिटर, म्हणजे पाच चहाचे चमचे गेले, तरी ते दहा टक्के होतात. त्याच्या गळ्यातली खोल शीर, इंटर्नल ज्युग्युलर, साधारण चार ते पाच मिलिमीटर रुंद असते: पेन्सिलीपेक्षा बारीक, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड. ती त्वचेखाली जेमतेम सेंटिमीटरभर असते. तिच्या अंगाला अंग लावून मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी धावते आणि खाली हाताच्या अंतरावर फुफ्फुसाचे टोक असते.

नळीची जाडी ‘फ्रेंच’ या एककात मोजतात. पॅरिसमधले एकोणिसाव्या शतकातले उपकरणकार शारिएर यांनी ते रूढ केले. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. नवजात बाळाला तीन किंवा चार फ्रेंचची नळी घालतात. चार फ्रेंच म्हणजे १.३ मिलिमीटर. साडेचार मिलिमीटरच्या शिरेत ती घातली की जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापला जातो. याहून जास्त व्यापला तर भोवतीचे रक्त संथ होते आणि गुठळी होण्याची भीती वाढते. म्हणजे शीर नुसती सापडून भागत नाही. ती मोजावीही लागते.

आरशासमोरचा माणूस आणि तार

हृदयापर्यंत नळी नेण्याचे धाडस प्रथम नोंदले गेले ते १९२९ साली. बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या गावातल्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा पंचवीस वर्षांचा तरुण डॉक्टर होता. वरिष्ठांनी त्याला परवानगी नाकारली होती. मदतीला आलेल्या परिचारिकेची समजूत अशी, की प्रयोग तिच्यावर होणार. तिला टेबलावर बांधून ठेवून फोर्समानने स्वतःच्या कोपराजवळची शीर उघडली, मूत्रमार्गासाठी वापरतात ती ६५ सेंटिमीटरची नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत तो चालत एक्स-रेच्या खोलीत गेला. नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे त्याने आरशातून पडद्यावर पाहिले आणि त्याचे छायाचित्र काढून घेतले. कौतुकाऐवजी त्याच्या वाट्याला बरीच अवहेलना आली. पुढे तो मूत्रविकारांचा डॉक्टर म्हणून एका लहान गावात काम करत राहिला. १९५६ साली कूर्नां आणि रिचर्ड्‌स या दोन अमेरिकेतल्या डॉक्टरांबरोबर त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर दोन पावले पडली, तीही जवळजवळ पाठोपाठ. १९५२ साली रोबेर ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत थेट सुई घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५३ साली स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी एक साधी, पण विलक्षण युक्ती मांडली. जाड नळी आत घालायची तर जाड सुई हवी, आणि जाड सुईने भोकही मोठे पडते, ही तोवरची अडचण. सेल्डिंगर यांनी बारीक सुई घातली, तिच्या पोकळीतून लवचीक तार आत सोडली, सुई काढून घेतली आणि तारेवरून नळी ओवली. पायजम्यात नाडी ओवताना आपण आधी काडी सरकवतो, तसेच काहीसे. त्यांनी ही युक्ती धमन्यांच्या चित्रणासाठी काढली होती. आज जगात कुठेही सेंट्रल लाइन टाकतात ती याच क्रमाने : सुई, तार, नळी.

मुलांसाठी या नळीचे महत्त्व लखलखीतपणे पुढे आले ते १९६८ मध्ये. फिलाडेल्फियात स्टॅन्ले डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी बीगल जातीच्या पिलांना केवळ शिरेतून अन्न देऊन वाढवले. नंतर जवळजवळ सगळे लहान आतडे निकामी असलेल्या एका अर्भकाला त्याच रीतीने पोसले. तोंडावाटे काहीही न घेता त्या बाळाचे वजन वाढले, अंग भरले. तोवर अशा बाळांपुढे उपासमारीखेरीज दुसरे काही नव्हते. आज सहाव्या-सातव्या महिन्यात जन्मलेली बाळे जगतात, त्यामागे अनेक कारणे आहेत. शिरेतून दिलेले अन्न हे त्यांतले एक मोठे कारण.

अंदाजाची विद्या

नळीची युक्ती मिळाली, पण शीर शोधायची कशी? अनेक दशके उत्तर एकच होते : बोटांनी. मानेवरचा मोठा स्नायू खाली दोन फाट्यांत विभागतो आणि त्या फाट्यांच्या मध्ये एक त्रिकोण तयार होतो. त्रिकोणाच्या शेंड्याशी धमनीचे ठोके बोटाने चाचपायचे, त्यांच्या बाहेरच्या अंगाला सुई टेकवायची आणि त्याच बाजूच्या स्तनाग्राच्या दिशेने हळूहळू आत सारायची. सिरिंजमध्ये गडद रक्त आले की शीर सापडली. भडक लाल रक्त उसळत आले की धमनी.

मोठ्या माणसात ही विद्या बरी चालते. बाळाला मात्र मानच जवळपास नसते. हनुवटी छातीला टेकलेली, मध्ये गुबगुबीत वळ्या, स्नायूचा त्रिकोण दिसत नाही आणि ठोके दोन बोटांखाली मावत नाहीत. त्यात सगळ्यांच्या शरीराची रचना पुस्तकाप्रमाणे नसते. काहींची शीर धमनीच्या अगदी पुढ्यात असते, काहींची एका बाजूला फारच अरुंद असते, तर आधी कधी नळी घातलेल्या मुलात ती गुठळीने बंदही झालेली असते. बाहेरून यातले काहीच कळत नाही. अनुभवी डॉक्टरचा हातही इथे शेवटी अंदाजच बांधत असतो. विहिरीला पाणी कुठे लागेल हे सांगणाऱ्या पाणक्याचा अंदाज चुकला तर खड्डा बुजवता येतो. इथे चुकलेला प्रत्येक प्रयत्न पुढचा प्रयत्न अवघड करतो, कारण सुईने टोचलेल्या जागी रक्त साकळून शीर दाबली जाते.

१९९९ साली वॉशिंग्टनच्या बालरुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास या अंदाजाचे माप दाखवतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली, वर्षाच्या आतली ९५ बाळे. काहींना जुन्या रीतीने, काहींना सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून गळ्यातून नळी घातली. जुन्या रीतीत सुमारे ७७ टक्के बाळांत यश आले आणि चारांतल्या एका बाळाच्या धमनीला सुई लागली. पडद्यावर पाहून घातलेल्या सर्व बाळांत यश आले आणि धमनी एकदाही टोचली गेली नाही.

आवाजाने पाहणे

हा पडदा कसा चालतो ते समजून घेणे फार अवघड नाही. १८८० साली पॅरिसमध्ये जॅक आणि पिएर क्युरी या भावांना असे आढळले, की काही स्फटिक दाबले की त्यांवर विद्युतभार निर्माण होतो. याच्या उलटही घडते : वीज दिली की स्फटिक थरथरतो आणि ध्वनी निर्माण करतो. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी हा गुण पाणबुड्या हुडकण्याच्या कामी लावला. पुढे कारखान्यांतल्या धातूच्या जोडांमधल्या भेगा शोधायला तशीच यंत्रे निघाली. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इअन डोनाल्ड यांनी असे भेगा शोधणारे यंत्र पाहिले, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीतून कारखान्यात नेऊन त्यावर तपासल्या आणि १९५८ साली सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. पाणबुडी, बॉयलर आणि गर्भाशय अशा वळणावळणाने सोनोग्राफी आपल्यापर्यंत आली.

तत्त्व विहिरीत हाक मारण्याचे. हाक जाते, आपटते, परत येते. यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. शरीराच्या मऊ भागात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर या वेगाने जातो. गळ्यासाठी वापरतात त्या प्रोबमधून सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंपने होणारा ध्वनी निघतो. भागाकार केला तर एका लाटेची लांबी येते सुमारे ०.१५ मिलिमीटर. लाट जितकी आखूड, तितके बारीक तपशील दिसतात. पण आखूड लाट फार खोल जात नाही, काही सेंटिमीटरांत विझते. पोट तपासायचे तर लांब लाट लागते. ती खोल पोहोचते, पण बारकावे गमावते. बाळांच्या बाबतीत हा व्यवहार आपल्या फायद्याचा ठरतो. त्यांची शीर इतकी उथळ असते, की सर्वांत आखूड लाट वापरता येते. त्यासाठीचा प्रोबही छोटा असतो, जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद. हॉकीच्या काठीसारखा वाकलेला, म्हणून नावही तेच.

पडद्यावर दिसतात दोन काळी वर्तुळे, शेजारीशेजारी. रक्तातून ध्वनी फारसा परतत नाही म्हणून ती काळी. यातली शीर कोणती? प्रोबने हलके दाबा. जे वर्तुळ चपटे होऊन मिटते ती शीर. जे गोल राहते आणि ठोक्याबरोबर हलते ती धमनी. बाळाची शीर इतकी मऊ असते, की प्रोबच्या नुसत्या वजनानेही ती मिटते. नवशिका डॉक्टर म्हणतो, ‘या बाजूला शीरच नाही.’ शेजारचा अनुभवी म्हणतो, ‘हात उचल जरा.’ हात उचलला की अंधारातून शीर उमलते. रंगीत डॉप्लरबद्दल एक गैरसमजही नेहमी आढळतो. पडद्यावरचा लाल म्हणजे धमनी आणि निळा म्हणजे शीर, असे नसते. रंग एवढेच सांगतो, की रक्त प्रोबकडे येते आहे की दूर जाते आहे. प्रोब विरुद्ध बाजूला कलला की रंगांची अदलाबदल होते.

बंद दाराआड

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. मूल झोपलेले हवे; हे काम भुलीत किंवा गुंगीच्या औषधावर करतात. खांद्यांखाली कापडाची वळकटी ठेवली की मान मोकळी होते. डोक्याकडची बाजू थोडी खाली केली की गळ्यातल्या शिरा भरतात. पोटावर उजव्या बाजूला, यकृताच्या जागी हलके दाबले तरी शीर फुगते. मान एका बाजूला वळवायची, पण बेताने. फार पिळली तर शीर धमनीच्या वर येऊन बसते आणि आरपार गेलेली सुई थेट धमनीत शिरते.

हात धुण्यापूर्वीच एकदा दोन्ही बाजू पाहून घेतात : शीर उघडी आहे का, किती रुंद आहे, धमनी कुठे आहे. मग टोपी, मास्क, निर्जंतुक झगा, हातमोजे, त्वचेवर जंतुनाशक, सगळ्या अंगावर निर्जंतुक कापड, प्रोबलाही निर्जंतुक आवरण. एका हातात प्रोब, दुसऱ्या हातात सुई, नजर पडद्यावर.

खरी मेख आहे ती सुईच्या टोकाची. प्रोब शिरेला आडवा धरला, तर शीर वर्तुळासारखी दिसते आणि सुई दिसते एका पांढऱ्या ठिपक्यासारखी. तो ठिपका सुईचे टोक आहे की मधला भाग, हे ठिपका पाहून कळत नाही. डॉक्टरला वाटते टोक शिरेच्या वर आहे. वस्तुतः ते शीर भेदून पलीकडे गेलेले असते. यावर उपाय म्हणजे पावलापावलाने जाणे. प्रोब किंचित पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा होतो; मग सुई किंचित पुढे, ठिपका पुन्हा उगवतो. उगवलेला तो ठिपका म्हणजे टोक. असे मिलिमीटर-मिलिमीटरने शिरेच्या मधोमध पोहोचायचे. दुसरी रीत म्हणजे प्रोब शिरेच्या लांबीत धरणे. मग अख्खी सुई रेषेसारखी दिसते, पण बाळाच्या आखूड मानेत प्रोबला जागा पुरत नाही. म्हणून अलीकडे अनेक ठिकाणी गळपट्टीच्या हाडाच्या वरून, दोन मोठ्या शिरांच्या संगमानंतरची रुंद शीर लांबीत पाहून तिथे सुई घालतात. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये मुलांमधला आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून या वाटेकडे लक्ष गेले. ही शीर हाडांना धरून असल्याने मूल कितीही सुकलेले असले तरी सहसा मिटत नाही.

सुईचे टोक शिरेच्या भिंतीला टेकले की भिंत तंबूसारखी आत दबते. बाळात ती पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटते. इथे घाई केली तर दोन्ही भिंती एकदम भेदल्या जातात. हलका, आखूड झटका देऊन पुढची भिंत तेवढी उघडावी लागते. रक्त आले की तार. त्यानंतर एक गोष्ट कधीही टाळायची नसते : तार खरोखर शिरेतच आहे हे पडद्यावर पुन्हा पाहणे. बारीक सुईने धमनी टोचली तर दाबून धरून निभावते. वाट रुंद करणारा जाड डायलेटर धमनीत गेला तर ते संकट असते. या दोहोंमध्ये अर्ध्या मिनिटाची एक नजर उभी असते. मग तारेवरून नळी, टाके किंवा चिकटपट्टी आणि शेवटी नळीचे टोक योग्य जागी आहे का, याची एक्स-रेवर किंवा हृदयाच्या सोनोग्राफीवर खात्री. टोक हृदयात फार आत गेले तर नवजात बाळाच्या पातळ भिंतीला ते घासू शकते.

यंत्र आणि हात

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ मध्ये शिफारस केली, की आधी ठरवून गळ्यातून नळी घालायची असेल तेव्हा मोठी माणसे आणि मुले दोघांतही सोनोग्राफी हीच पसंतीची पद्धत मानावी. दोनच वर्षांनी ऑक्सफर्डच्या भूलतज्ज्ञांनी हृदयशस्त्रक्रियेच्या १२४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सोनोग्राफीचा फायदा दिसला नाही. जुन्या रीतीचे आकडेच काहीसे सरस होते. त्यांचा प्रश्न असा होता, की मुलांसाठी अशी शिफारस करण्याइतका पुरावा आपल्याकडे आहे का?

दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते. मग फरक कुठून आला? याचे एक सरळ उत्तर हातात आहे. बोटांनी शीर शोधण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाच्या हातात नवे यंत्र दिले म्हणून तो लगेच पाहू लागत नाही. पडद्यावरच्या सपाट चित्रावरून खोलीचा अंदाज घेणे, एका हाताने प्रोब स्थिर ठेवून दुसऱ्याने सुई चालवणे, ही वेगळी विद्या आहे आणि ती आधी जिलेटिनच्या ठोकळ्यावर, रबरी नळ्यांवर शिकावी लागते. पुढे अभ्यासांची संख्या वाढली, हात तयार झाले, तसे चित्र स्थिरावले. २०१५ सालच्या कोक्रेन समीक्षेत गळ्यातल्या शिरेबाबतचे अनेक अभ्यास, मोठ्यांचे आणि मुलांचे, एकत्र पाहिले गेले. सोनोग्राफी वापरल्यास एकूण गुंतागुंत सुमारे ७१ टक्क्यांनी आणि धमनी टोचली जाण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता.

मात्र सोनोग्राफीचे काम नळी आत गेली की संपते. नंतरचा शत्रू वेगळा असतो : जंतू. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या १०३ अतिदक्षता विभागांचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे विभाग बहुतेक मोठ्या माणसांचे होते. तिथे पाच साध्या गोष्टींवर भर दिला गेला : हात धुणे, पूर्ण झगा-मास्क-कापड, क्लोरहेक्झिडिनने त्वचा साफ करणे, शक्य तर जांघेची जागा टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. जांघेच्या मुद्द्याला मुलांच्या बाबतीत तेवढे वजन नाही. तिथे आधी एक हजार नळी-दिवसांमागे २.७ असलेले संसर्गाचे मध्यम प्रमाण शून्यावर आले. यात एकही महागडे यंत्र नव्हते. पाचातली शेवटची गोष्ट तर कुणीही आई-बाप रोज सकाळी विचारू शकतात : ‘डॉक्टर, ही नळी अजून लागणार आहे का?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या विभागात डॉक्टर तो स्वतःलाच रोज विचारतात.

तेच यंत्र

इथपर्यंतची कथा जगाची. आता आपली.

सोनोग्राफी म्हटले की भूलतज्ज्ञाला शीर आठवेल, पण महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाला आठवते ती दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी : ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.’ ही पाटी भिंतीवर येण्यामागे मोठा संघर्ष आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि १९९६ च्या पहिल्या दिवसापासून लागू झाला. अंमलबजावणी होत नाही हे पाहून २००० साली मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये कायदा कडक झाला. दरम्यान जनगणना आपले काम करतच होती. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४.

या कायद्याने यंत्रालाच साक्षीदार मानले. नोंदणी नसलेल्या ठिकाणी सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही, ठेवता येत नाही. २०१२ च्या नियमांनी हातात धरून नेता येणाऱ्या यंत्रांवर आणखी बंधने आणली : नोंदवलेल्या जागेतच वापर, फिरत्या वैद्यकीय पथकाचा तेवढा अपवाद. त्यामुळे गळ्यातली शीर पाहण्यासाठी घेतलेले यंत्रही याच चौकटीत येते. भूलतज्ज्ञ अनेक छोट्या रुग्णालयांत जाऊन काम करतात. मोठ्या देशांत असा डॉक्टर यंत्र पिशवीत घालून नेतो. आपल्याकडे तो तसे करू शकत नाही. ज्या रुग्णालयात यंत्र नोंदलेले नाही, तिथे तो आजही बोटांनीच शीर शोधतो.

डॉक्टर म्हणतात, ‘आमचा प्रोब दोन-चार सेंटिमीटर पाहतो. त्याने गर्भ कसा दिसणार?’ भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. आखूड लाट खोल जात नाही हे आपण पाहिलेच. पण बहुतेक यंत्रांना प्रोब बदलून लावता येतो आणि मग तेच यंत्र गर्भाशयापर्यंत पाहते. कायद्याचा संशय यंत्रावर नाही, ते वापरणाऱ्या हातांवर आहे, आणि तो संशय आपणच कमावलेला आहे. म्हणून ‘नियम सैल करा’ ही मागणी सहजपणे करता येत नाही. करता येते ती वेगळी मागणी : जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि मुलांचे अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक ठिकाणी असे यंत्र नोंदणीसह असावे, नोंदणीचे अर्ज वेळेत निकाली निघावेत, आणि फक्त उथळ प्रोबवर चालणाऱ्या यंत्रांचा वेगळा विचार तज्ज्ञ आणि या प्रश्नावर लढलेल्या संस्था यांनी एकत्र बसून करावा. यंत्र कुलपात आणि बाळ टेबलावर, अशी वेळ येऊ नये.

अतिदक्षता विभागात, काचेच्या पेटीत एक मुलगी झोपली आहे असे समजा. दीड किलोची. तिच्या गळ्यावर अडीच सेंटिमीटरचा प्रोब टेकवलेला आहे आणि पडद्यावर दोन काळी वर्तुळे दिसत आहेत. ज्या यंत्राने तिच्यासारख्या कितीतरी जणींना जन्माआधीच शोधून नाकारले गेले, ते यंत्र आज तिची शीर शोधते आहे. ध्वनी दोन्ही वेळा तोच; आत जातो, आपटतो, परत येतो. पडद्यावर जे दिसते त्याचे काय करायचे, हे मात्र ध्वनी सांगत नाही.

डॉक्टर हात किंचित उचलतो. शीर उमलते. बाहेर बाकावर बसलेल्या बापाने कागदावर सही केलेली आहे. त्याला यातले काही ठाऊक नाही. दार उघडून कुणीतरी येते आणि म्हणते, ‘मिळाली. एकाच सुईत.’